पाटलांची घागर आणि गुरुजींचे मडके

केदारे गुरुजींना मी प्रथम पाहिले ते चाकणजवळच्या आमच्या गावी मी शाळेत शिक्षक म्हणून रुजू होताना. शाळेत खुर्ची एकच होती. ती त्यांनी माझ्याकडे सरकवली. मी वयाने लहान, बसेना. "मग दोघेही सतरंजीवर," ते म्हणाले आणि बसलेसुद्धा. त्या खुर्चीवर पुढे आम्ही पाण्याचा माठ ठेवला.

मला विषमज्वर झाला तेव्हा गुरुजींनी दोन्ही वर्ग एकट्याने सांभाळले आणि रोज घरून पेज पाठवली. बरे झाल्यावर मी आभार मानू लागलो, तर त्यांनी माझ्या पुढ्यात तपासायच्या पाट्यांचा ढीग ठेवला. अशा आठवणी त्यांच्या प्रत्येक सहकाऱ्याजवळ असतील. मला सांगायची आहे ती विहिरीच्या मतदानाची. ती सांगताना मन अजून जागेवर राहत नाही.

गावच्या आडावर वेशीबाहेरच्या वस्तीला पाणी भरता येत नसे. वस्तीतल्या बायका घागरी घेऊन खाली उभ्या राहत. वरून कोणी ओतले तर पाणी. अशात सरकारी मदतीने नवी विहीर मंजूर झाली. चावडीपुढे खणली असती तर तीही वस्तीला बंद राहिली असती. ओढ्याकाठी खणली तर सर्वांना खुली. गावसभा भरली. रावजी पाटलांनी चावडीसाठी हात वर केला आणि सभेतले सगळे हात वर गेले. कडेला उभ्या असलेल्या वस्तीतल्या सोनाबाईंचाही गेला.

सभा उठल्यावर गुरुजींनी त्यांना गाठले. सोनाबाईंना 'तुम्ही' म्हणणारा गावात हा एकच माणूस.

"सोनाबाई, चावडीपुढं तुम्हांला भरू देतील?"

"न्हाई."

"मग हात का वर केलात?"

"पाटलांचा हात वर हाय. म्या खाली कसा ठिवू, गुरुजी?"

देशाचे पहिले मतदान होऊन गेले होते. दिल्लीसाठी मत दिलेली माणसे गावात मत द्यायला भीत होती. गुरुजी तडक पाटलांकडे गेले. वर्गाचा प्रमुख निवडताना आमची मुले आडोशाला जाऊन आपल्या पसंतीच्या मुलाच्या भांड्यात चिंचोका टाकत. तसेच गावाने करावे, असे त्यांनी सुचवले. पाटील हसले. "घ्या की! सारं गाव आपलंच हाय. भांडं पन आमच्या घरचं न्या."

पाटलांना शंका नको म्हणून चावडीसाठी त्यांचीच पितळी घागर ठेवली. ओढ्यासाठी शाळेतले मातीचे मडके. दोन्ही वर्गात, दाराआड. बाहेर ओट्यावर पाटील आणि गाव. पहिला माणूस आत गेला. ठण्ण! दुसरा गेला. ठण्ण! "वाजली रं वाजली!" ओट्यावर हशा. मग धोंडिबा न्हावी आत गेले. आवाज आला नाही. ते बाहेर आले तर सगळ्या माना त्यांच्याकडे वळलेल्या.

"धोंडिबा, घागर मुकी झाली का रं?" पाटलांनी विचारले.

धोंडिबा पांढरे पडले. "चिंचुका खाली पडला जनू," म्हणत पुन्हा आत धावले. ठण्ण!

गुरुजी ताडकन उठले. "थांबा. चूक माझी आहे. हे मतदान रद्द."

"का वो? हरायला लागलात म्हनून?"

"पाटील, तुमची घागर चुगली करते आहे. मी जिंकत असतो तरी थांबवलं असतं."

शाळा-मंडळात पाटलांचा शब्द चाले. गुरुजींची बदली व्हायला एक निरोप पुरे होता. पाटलांनी मिशीवरून बोटे फिरवली. मग म्हणाले, "दोन्ही मडकी ठिवा. आत भुस्सा घाला. बघूच."

आता चिंचोके मुकाट पडू लागले. सोनाबाई सर्वांत शेवटी गेल्या आणि ताठ मानेने बाहेर आल्या. दोन्ही मडकी ओट्यावर, पाटलांसमोर रिकामी केली. मोजायची गरजच पडली नाही. ओढ्याचा ढीग डोळ्यांना दिसत होता. पाटील उठले. गावाकडे वळले.

"येवढी मान्सं माझ्यासमोर गप बसून व्हती व्हय?"

पाटील वर्षभर गुरुजींशी बोलले नाहीत. बदलीचा निरोप मात्र गेला नाही. दसऱ्याला गुरुजी आपण होऊन त्यांच्याकडे सोने द्यायला गेले आणि चहा घेऊन परतले. ओढ्याकाठच्या विहिरीला पाणी लागले. आज तिथे साऱ्या गावाच्या बायका भांडतात, एकाच काठावर.

परवाच्या गावसभेत गुरुजींनी शाळेची नवी खोली विहिरीलगत बांधावी असे मांडले. गुरुजींचा शब्द, सगळे माना डोलवू लागले. तोच सोनाबाई उभ्या राहिल्या. "गुरुजी, चुकतंय तुमचं. पोरं काठावर खेळत्याल. एखादं आत पडंल." डोलणाऱ्या माना थांबल्या. गुरुजी मात्र असे खुलले, की मुलगी पहिली आली म्हणून एखादा बाप काय खुलेल! खोली दुसरीकडे होत आहे.

गुरुजींना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, पाय असेच चालते राहोत, ते शतायुषी होवोत. आणि त्यांचे चुकते असे आम्हांला वाटेल तेव्हा ते त्यांच्या तोंडावर सांगण्याचे बळ आम्हां सर्वांत येवो. ते ऐकायला गुरुजी आमच्यात हवेत.