पाच कोयते पासष्ट

आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी. शिकवणं माझ्या रक्तात आहे असं लोक म्हणतात. संताप मात्र नक्की आहे. जामखेड तालुक्यातल्या शाळेत दहावीला दोन चलांतली समीकरणं शिकवताना तो रोज उफाळायचा. पोरं वजा चिन्ह गिळायची, x काढला की y विसरायची. नुसतं पालथ्या घड्यावर पाणी!

मागच्या वर्षी दुसऱ्या बाकावर एक मुलगी होती. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. त्या वर्षी आईची कंबर धरलेली. बापानं बजावलं होतं, सहामाहीत पास झालीस तर मावशीकडं राहून दहावी कर, नाहीतर आईच्या जागी चल. तिनंच मला हे सांगितलं. म्हणून मी मधल्या सुट्टीत तिच्याकडून वेगळी उदाहरणं सोडवून घ्यायचे.

सहामाहीला मी मुद्दाम पोरांच्या ओळखीचं उदाहरण घातलं. तीन पुरुष आणि दोन बाया तासाला उसाच्या चौतीस मोळ्या ट्रकपर्यंत वाहतात. दोन पुरुष आणि तीन बाया एकतीस. तर एक पुरुष किती वाहतो आणि एक बाई किती? पुरुषाला x, बाईला y धरायचं, की झालं.

तिच्या पेपरात x, y नव्हतेच. एवढंच होतं : पाच कोयते पासष्ट, एक कोयता तेरा. माझं डोकंच फिरलं. महिनाभर घसा फोडला तो ह्यासाठी? त्या उदाहरणाला मी शून्य दिलं. चाळीसपैकी चौदाला पास. ती बारावर अडकली.

पेपर वाटताना तिला उभं केलं. "x कुठाय? y कुठाय?"

"मॅडम, तोडीला नवरा-बायकू मिळून एक कोयता धरत्यात. बाईचं येगळं कोन मोजतंय?"

"इथं मोजायचं!" मी ओरडले. वर्ग हसला. ती मान खाली घालून बसली.

दुसऱ्या दिवशी बाप दाखला न्यायला नाही, नुसतं सांगायला आला. "पास झाली आसती तर ठिवलीच आसती." मी त्याला नियम ऐकवला. त्याच संध्याकाळी तोडकऱ्यांचा ट्रक तिलाही घेऊन गेला.

दोन दिवसांनी तोच पेपर फळ्यावर सोडवत होते. "गाढवांनो, दोन्ही समीकरणं आधी मिळवा, युक्ती कळेल." पाच x अधिक पाच y बरोबर पासष्ट. पाचनं भागलं. x अधिक y बरोबर तेरा.

"मॅडम, तिनं बी हेच काढलं हुतं की," तिची शेजारीण म्हणाली.

मिळवणीला एक मार्क, भागाकाराला एक. मीच ठरवलेलं. दोनच तर हवे होते तिला! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मार्क सुधारले, मुख्याध्यापकांची सही घेतली आणि तिथूनच बापाला फोन लावला.

"पास हाय व्हय? आता कसं, मॅडम? मुकादमानं उचल दिऊन आमा बापलेकीचा एक कोयता लिवलाय."