अक्काचे कान वाजले नाहीत

दाजी गेल्याचं मला सोनपेठच्या बाजारात कळलं. मी बियाण्याचा भाव करत उभा होतो. गावाकडचा एक ओळखीचा माणूस खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमचे परभणीचे मास्तर गेले की." एसटी मिळून परभणीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांची मुलगी, माझी भाची सुमन, दारातच बसली होती. तिला काय म्हणावं ते सुचेना, म्हणून मी नुसता शेजारी बसून राहिलो… दीड महिना झाला, अजून सुचत नाही. लिहून बघतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. बोरीच्या शेतकऱ्याचं पोर, पण निजामाच्या राजवटीत हैदराबादला जाऊन उर्दूतून रसायनशास्त्र शिकलं आणि परभणीत शाळामास्तर झालं. क्षार हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. सगळ्या क्षारांना ते 'नमक'च म्हणत. हिवतापावरचं कडूजहर कोयनेल, म्हणजे क्विनीन, तेही एक नमकच, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी अक्काला म्हणालो, मग घाल की आमटीत. अक्का हसून हसून बेजार झाली, आणि दाजी मात्र गंभीरपणे मला नमक कशाला म्हणतात ते समजावत बसले. माणूस असाच होता. थट्टा कळायला त्याला दुसरा दिवस उजाडायचा.

लढाईच्या काळात, जिथून कोयनेल यायचं ते जावा बेट जपानने घेतलं आणि कोयनेल मिळेनासं झालं. जे मिळे त्यात कोणी पिठी घाले, कोणी पिठीसाखर. तेव्हा दाजींनी घरातच एक यंत्र जुळवलं. कोयनेलची भुकटी तोलून पाण्यात विरघळवायची, त्यात धातूच्या दोन पातळ पट्ट्या बुडवायच्या आणि बॅटरीची वीज बझरमधून सोडायची. पुढे फळीवर ताणलेली तार, आणि कानाला टेलिफोनचा कर्णा. तारेवरून खिट्टी सरकवत न्यायची. कर्ण्यातली गुणगुण जिथे बंद पडेल ती खूण बघायची. अस्सल कोयनेलची खूण ठरलेली. भेसळ असली की वीज कमी वाहते, खूण सरकते. गल्लीतले लोक म्हणायचे, मास्तर पुडीला फोन लावतात. पण डॉक्टरसुद्धा त्यांच्याकडे पुड्या पाठवू लागले. खूण जुळली की दाजी पुडीवर 'असल' असं लिहून द्यायचे, आणि त्या एका शब्दावर लोक डोळे मिटून औषध घ्यायचे. मला त्यांचा फार अभिमान होता, तो आजही आहे.

एका वर्षी पाऊस सरता सरता अक्काला हिवतापाने धरलं. सुमन तेव्हा रांगत होती. दाजींनी स्वतः बाजारातून डबी आणली, पुन्हा पुन्हा तपासली. खूण बरोब्बर जुळली. अक्काला डोस सुरू झाले. मी गावाहून बहिणीला बघायला आलो होतो. ताप काही उतरेना. दुसऱ्या दिवशी ती त्यांना म्हणाली, "माझे कान कुठं वाजायलेत? मागच्या बारीला तर भुंग्यावाणी वाजत होते."

कोयनेल अंगात भिनलं की कानात आवाज सुरू होतो, हे आमच्याकडे पोराटोरालाही ठाऊक. दाजी म्हणाले, तापात तसलं काही ध्यानात येत नाही, ते असल हाय, मी सोता ऐकलंय.

"तुमी ऐकलं हो," अक्का म्हणाली, "पण मला ऐकू यायला पायजे ना."

त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग उठून परत यंत्रावर जाऊन बसले. खूण परत जुळली. अशा वेळी माणसाने बायकोचं ऐकावं की विजेचं, हे त्यांना कोणत्या पुस्तकात शिकवलं असणार? आणखी दोन दिवस गेले. ताप डोक्यात चढला, अक्का बरळू लागली. तेव्हा दाजी स्वयंपाकघरात आले आणि चिमूटभर भुकटी लोखंडी पळीत घालून पळी निखाऱ्यावर धरून बसले. अस्सल कोयनेल जळून सगळं उडून जातं. इथं काळं जळून गेल्यावर पळीला पांढरं चिकटून राहिलं. निवल्यावर त्यांनी ते जिभेला लावलं. "गोपाळ," ते मला म्हणाले, "हे आपलं खायचं मीठ हाय." पिठीसाखरेतून वीज जात नाही आणि मिठातून भरपूर जाते. कडू लागण्यापुरतं कोयनेल होतं, बाकी ही दोन्ही अशा बेताने पडली होती की खूण जागची हलली नाही. कोणी मुद्दाम केलं, की नुसत्या हाताच्या अंदाजाने मिसळलं, कोण सांगणार… जाऊन विचारायचं तरी कुणाला?

चुडाव्याच्या स्टेशनात ओळखीचा एक रेल्वेवाला होता. त्याच्या घरी जपून ठेवलेलं कोयनेल होतं. मी जाऊन ते घेऊन आलो. धावतपळत आलो, पुडी दाजींच्या हातात दिली. त्यांनी यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही, पळीकडेही नाही; नुसती साखर असती तर तीही जळून गेली असती. पुडीतला एक डोस स्वतःच्या तोंडात टाकला आणि उंबऱ्यात बसले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं झालं होतं. मी म्हणालो, दाजी, आधी तिला द्या, खोटं असलं तर असू द्या. त्यांनी मानेनेच नकार दिला. दुसऱ्यांदा खोटं औषध तिला देण्याची त्यांची हिंमत नव्हती. आम्ही दोघं बसून राहिलो. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. मग एकदम त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि उठले. कान वाजायला लागले होते. औषध खरं होतं. पण तोवर अक्काची दातखीळ बसली होती. चमच्याने घातलेलं सगळं ओघळून उशीवर आलं. डॉक्टर गावात नव्हते. दिवेलागणीला ती गेली.

त्या दिवशी दाजी रडले नाहीत. आवाज होतोय, आवाज होतोय, एवढंच म्हणत राहिले. पुढे दुसरं लग्न केलं नाही, सुमनला एकट्याने वाढवलं. मी त्यांच्यावर राग धरला असं आमच्या नात्यातले लोक म्हणतात. कुणावर धरू? त्या माणसाने जे जे केलं ते बरोबरच केलं होतं, आणि माझी बहीण गेली.

दाजींच्या तेराव्याला मी पुन्हा परभणीला गेलो. पंगती उठल्या होत्या. सुमनच्या धाकटीला ताप भरला होता, कुणीतरी दवाखान्यातून गोळी आणून दिली. सुमनने ती मोडून दोन केली. अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली, वर पाणी प्यायली आणि पोरीला मांडीवर घेऊन पायरीवर बसली. तिला या घरात औषध असंच द्यायला शिकवलेलं, आधी आपण घ्यायचं, मग दुसऱ्याला. मी म्हणालो, "अगं, पोरीला दे की आधी."

"थांबा मामा," ती म्हणाली.

उरलेली अर्धी गोळी तिच्या मुठीत होती. पोरगी कण्हत होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि थांबलो.