कच्च्या टाक्यांचा कोट

शुद्धलेखनाची आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तीही भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात. पुढचं सगळं आयुष्य रायपुरात हिंदी पाट्या वाचण्यात गेलं. त्यामुळे न आणि ण, ल आणि ळ यांची माझ्याकडून अदलाबदल होते. अक्षरही वाईट आहे. सुई धरून धरून बोट वाकलं आहे, पेन त्यात नीट बसत नाही. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागून घेतली की लिहायला बरं वाटतं.

मी हातशिलाई करते. मशीनवर होत नाही ते काम माझ्याकडे येतं. तुरपाई, हुक, काज, बटणं आणि कच्चे टाके. कच्चा टाका म्हणजे कापड जागेवर धरून ठेवायला पांढऱ्या दोऱ्याने घातलेला लांब लांब टाका. पक्की शिलाई झाली की तो ओढून काढायचा आणि फेकून द्यायचा. आमच्या कामात त्याचं आयुष्य तेवढंच.

रायपूरच्या बुढापारा भागात तलावाच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर दीदीचं वर्कशॉप आहे. दीदी वयाने माझ्या मुलीएवढी. घर मराठी, नागपूरकडचं, वडील इथे सरकारी ऑफिसात मोठे साहेब. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत देते. मला काकू म्हणते. दिल्लीला कपड्यांचं शिकून आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बुटीक टाकेल, लग्नाचे लहंगे शिवेल. तिने तसलं काही केलं नाही. पहिल्या वेळी तिने असे कुर्ते काढले की त्यांच्या बाह्या जमिनीवर लोळायच्या. दुसऱ्या वेळी पोत्याचे झगे. त्याला ती कलेक्शन म्हणायची. आम्ही तोवर माल म्हणत होतो.

दुपारी डबे उघडले की ती आम्हाला फोनवर परदेशातल्या डिझायनरांचे शो दाखवायची. आम्ही म्हणजे मी आणि कटिंग करणारे म्हातारे मास्टरजी. एकाने झग्यात उशा शिवल्या होत्या, पाठीला, कमरेला, जिथे नकोत तिथे. एकीचे कपडे कागदाचे होते, मुलगी चालली की वाजायचे. एकाने सगळा शो अंधारात केला होता, मग कपडे दाखवायला बोलावलं तरी कशाला, ते मला कळलं नाही. मी घास चावत पाहत बसायची. मास्टरजी मात्र बोलायचे.

"इन लड़कियों को खाना नहीं मिला क्या, बेटा? एक भी हँसती नहीं।"

"हँसेंगी तो लोग मुँह देखेंगे, मास्टरजी। कपड़ा कौन देखेगा?"

"इस कपड़े में तो मुँह ही देखने लायक है।"

दीदीला राग येत नसे. ती हसायची आणि पुन्हा फोनकडे पाहायची, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते मी देवळात बसलेल्या बायांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. मला त्या कपड्यांनी थकवा यायचा. एवढी मेहनत आणि घालणारं कोणी नाही. पण डोळे हटतही नसत.

एकदा उन्हाळ्यात तिचे दिल्लीचे सर आले. स्वतः मोठे डिझायनर. रायपूरच्या त्या उन्हात नखशिखांत काळे. पायजमा इतका घेरदार की मला परकर वाटला, आणि शर्टाला बाही एकच. दुसरा हात कापडाच्या आत होता. मला वाटलं हात मोडला असेल, म्हणून मी पाण्याचा ग्लास उघड्या हातात नीट धरवला आणि संपेपर्यंत तिथेच उभी राहिले, परत घ्यायला. मग त्यांनी आतला हात सहज बाहेर काढून घाम पुसला. मास्टरजी खोकल्याचं निमित्त करून जिन्यात गेले.

त्या सरांनी मांडणीवरचं एक जाकीट घेतलं, उलटं केलं आणि आतली बाजू पाहत राहिले. तिथे माझे कच्चे टाके अजून काढायचे होते. ते म्हणाले, "अंदर ज़्यादा अच्छा है।" तेवढंच. पण दीदीने ते धरलं. तिच्या मनात पुढचं कलेक्शन सगळं असंच ठरलं, हे मला फार नंतर कळलं. कोसा रेशीम, गडद रंगवलेलं, कडा मोकळ्या, दशा सुटलेल्या, आणि वर पांढरे टाके.

मला तिने सांगितलं, "काकू, इस बार सब कच्चा रखना।"

मी बरं म्हटलं. कच्चं ठेवायचं म्हणजे सध्यापुरतं, पक्कं नंतर करायचं, असं मी समजले. आमच्यात कोणीही तेच समजलं असतं.

कोसा चांपाकडच्या एका विणकराचा. त्याने रोख पैसे हातात आल्याशिवाय कापडाचं थान द्यायला नकार दिला. दीदीच्या वडिलांनी हात आखडता घेतला होता, नोकरी कर म्हणत होते. त्याच सुमारास मी राहते त्या गुढियारीतल्या आमच्या महिला समूहातून, म्हणजे बचत गटातून, मला कर्ज मिळालं होतं. ते पिको-फॉलच्या मशीनसाठी होतं. मशीन घरी आली की साड्यांचं काम घरीच मिळालं असतं. रोज गुढियारीहून बुढापाऱ्याला जायचं, तो जिना चढायचा, संध्याकाळी सुजलेले पाय घेऊन परतायचं, हे थांबलं असतं. दुसरं काही मला नको होतं.

दीदीला ते कर्ज माहीत होतं. ती माझ्याजवळ येऊन बसली, खाली, सतरंजीवर.

"काकू, पंद्रह दिन के लिए। शो होते ही लौटा दूँगी।"

मला नाही म्हणता येत नाही. शब्द घशापर्यंत येतो आणि तिथेच बसतो. दुसऱ्या दिवशी मी पैसे रुमालात बांधून आणले. घरी कळलं तेव्हा नवरा म्हणाला, "काहून दिले? तुले मशीन पाह्यजे होती का तिले कोट?" मालधक्क्यावर पोती उचलून त्याचे गुडघे गेले होते, आता तो एका गोदामात चौकीदार आहे. त्या मशीनवर त्याचाही डोळा होता. मी घरी असले की त्याला दुपारचं गरम मिळालं असतं.

कपडे तयार झाले. ते दिल्लीच्या शोला न्यायचा दिवस आला. सगळ्यात मोठं काम एका कोटाचं होतं, तो शोमध्ये सगळ्यात शेवटी यायचा होता. दीदी गोल बाजारात पेटीला कुलूप आणायला गेली, मास्टरजी जेवायला गेले आणि मी त्या कोटासमोर बसले. बाकीचे कपडे पेटीत गेले होते, ते दीदीने रात्री मशीनवर पक्के करून भरले असतील असं मी धरलं. कोट पुतळ्यावर तसाच होता, दशा लोंबत, पांढरे दोरे उभे. मला वाटलं, पोरगी धावपळीत विसरली. एवढ्या मोठ्या लोकांसमोर असा कोट गेला तर तिची काय शोभा होईल. आणि शोभा झाली तर माझे पैसे कुठून येतील, हेही मनात होतंच, ते लपवण्यात अर्थ नाही.

मी सुई घेतली. कडा दुमडल्या, तुरपाई घातली, बारीक, वरून दिसणार नाही अशी. कच्चे टाके एकेक ओढून काढले. इस्त्री फिरवली. घडी करून मलमलीत बांधला. दीदी धावत आली, गाठोडं पाहिलं, "काकू, आप नहीं होतीं तो..." म्हणत ते तसंच पेटीत ठेवलं आणि स्टेशनला गेली.

शोचा व्हिडिओ मास्टरजींच्या फोनवर आला. आम्ही दोघांनी पाहिला. मुली एकामागे एक आल्या, न हसणाऱ्या. अंगावर तेच कपडे, कडा सुटलेले, आणि प्रत्येकावर माझे कच्चे टाके, दुरूनही दिसणारे. परकर साडीखालून दिसला की जशी लाज वाटते तशी मला वाटली. कोट आला नाही.

"वो कच्चा ही पहनाना था, बाई," मास्टरजी म्हणाले. दीदीने त्यांना फोनवर सांगितलं होतं. "तुमने तो उसका कोट बना दिया।"

कोट शेवटी येणार म्हणून एक खरेदीदार थांबला होता, तो उठून गेला, असंही त्यांनी सांगितलं. खरं-खोटं मी विचारलं नाही.

दीदी परत आली. कोट माझ्यासमोर ठेवला. मी तुरपाई उसवली. पण कोसा रेशमात सुईची भोकं राहतात, कडेने एक ओळ राहिली. पुन्हा कच्चे टाके घातले. घाईत, न पाहता घातलेले टाके जसे पडतात तसे ते पडेनात. मुद्दाम घातलेले दिसायचे. दीदीने बोट फिरवून पाहिलं, म्हणाली, "रहने दीजिए।" कोट दाराच्या मागे खुंटीवर गेला, वर जुनी चादर.

मग बराच काळ असा गेला की तिला मला रागावता येईना, कारण माझे पैसे तिच्याकडे होते. मला पैसे मागता येईनात, कारण तिचा कोट माझ्या हातून गेला होता. आम्ही दोघी दिवसभर एका खोलीत बसायचो आणि दोऱ्याबद्दल बोलायचो. पांढरा संपला. काळा जाड आणला. समूहाचा हप्ता मी मजुरीतून भरत होते. कधी कमी पडायचा. बैठकीत अध्यक्ष बाई सगळ्यांसमोर विचारायची, "किस्त लाए हस का, बहिनी?" मी "हव" म्हणून जेवढे असतील तेवढे काढायची. ती वर पाहायची, "अउ मसीन कहाँ हे? हमन ला घलो देखा।" मशीन आम्हालाही दाखव, असं म्हणून बाया हसायच्या. त्यांना वाटायचं मी मशीन लपवली आहे.

नवऱ्याने बोलणं सोडलं होतं, ते बोलण्याहून वाईट. मी दीदीकडे पैसे मागत नाही म्हणून एकदाच म्हणाला, "तोंड शिवून टाकलं काय तू?"

एका दुपारी मास्टरजी नव्हते. दीदी फोनवर कुठल्यातरी परदेशी शोमध्ये बोट फिरवत होती, मला दाखवत नव्हती. अचानक म्हणाली, "काकू, सच बताइए। मेरे कपड़े आपको कैसे लगते थे?"

मी हातातला ब्लाउज खाली ठेवला.

"अर्ध्या सैपाकातून बाई उठून गेली, तसे," मी म्हणाले. "चूल पेटलेली, पीठ मळलेलं, आन् ती दिसत नाही. पाहणाऱ्याले वाटते, आता येईल."

तिने फोन खाली ठेवला. "यही तो था," ती म्हणाली. "यही किसी अख़बार ने नहीं लिखा।"

"पण मले आवडत नव्हते, दीदी. मले पाहून थकल्यासारखं होते. घरी तसंच तर असते रोज."

ती हसली नाही, चिडलीही नाही. आणि तोंड उघडलंच होतं म्हणून मी तेही बोलून टाकलं, जे घशात बसलं होतं. "मले माझे पैसे पाह्यजे. कोटाचं तुम्ही काय कापायचं ते कापा, पण पैसे पाह्यजे."

"कोट का क्यों काटूँगी?" ती म्हणाली. "कच्चा तो मैंने कहा था। मतलब मैंने नहीं बताया।"

तेवढ्यावर तो विषय संपला. त्यानंतर तिने लग्नाचं काम घ्यायला सुरुवात केली. पॅडचे ब्लाउज, लहंगे, अस्तर, आत सगळं झाकलेलं, बाहेर टिकल्या. नवऱ्यामुलींच्या सासवा यायच्या, हे घट्ट करा, ते सैल करा, सून जाड दिसते. दीदी हो हो म्हणायची. एखाद्या लहंग्याचे पैसे आले की काही मला द्यायची, कधी नोटा, कधी फोनवर, मुलीकडून मी तपासून घ्यायची. डबे उघडले तरी फोनवरचे शो आता लागत नाहीत. मास्टरजी एकदा म्हणाले, "बेटा, वो भूखी लड़कियाँ कहाँ गईं?" ती टिकल्यांच्या डब्यात बोटं घालून रंग शोधत राहिली. ती सुद्धा थकलेली दिसते. तिच्या त्या कपड्यांचं मला वाईट वाटतं असं म्हणवत नाही. मात्र आता माझी तुरपाई पुन्हा दिसत नाही, दिसू नये अशीच असते, आणि कधी सुई ओवताना ते लांब पांढरे टाके आठवतात.

परवा तिने मला थांबवलं. संध्याकाळ होती, मी चप्पल घालत होते. तिने पाकीट दिलं. "काकू, आज पूरा हो गया। गिन लीजिए।"

माझी सवय अशी की कोणी पैसे दिले की मी तसेच कमरेला खोचते आणि घरी जाऊन मोजते. समोर मोजलं तर समोरच्याला वाईट वाटेल असं वाटतं. त्या दिवशी मी चप्पल काढली, परत आत आले, दाराजवळ त्या चादर टाकलेल्या कोटाच्या खाली बसले आणि तिच्यासमोर मोजले. थुंकी लावून, एकेक नोट. दीदी उभी राहून वाट पाहत होती.

पूर्ण होते.