दाराला आडवी काठी

मी तिच्यावर जळायचे. हेवा, असूया असले शब्द मी मुलांना फळ्यावर लिहून देते, पण माझ्या पोटात जे व्हायचं त्याला जळणंच म्हणतात. ती सातपुड्यातल्या पाड्यावरची बाई, सही करायला आत्ता आत्ता शिकलेली, तीही माझ्याचकडून. आणि मी बावीस वर्षं नोकरी झालेली शिक्षिका. धुळ्याला फ्लॅट, तापीकाठी माहेर, अंगावर दागिने. तरी जळायचे मीच.

बदली झाली तेव्हा मी खूप रडारड केली होती. धडगावच्या पुढे जीप जिथं सोडते तिथून पाऊण तास चालायचं, मग शाळा. शाळेमागे एक खोली, ती मला राहायला. खाली उतारावर तिचं घर, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर. बाकीची घरं ज्याच्या त्याच्या शेतात, विखुरलेली. मी एकटी बाई माणूस, म्हणून भावानं खोलीला लोखंडी दार करून दिलं, खिडकीला जाळी ठोकली, स्टीलचं कपाट माणसांच्या खांद्यावरून वर चढवलं आणि दाराला पितळी कुलूप घातलं, चांगलं मूठभर. माणसं ते कुलूप बघायला आली होती. कारण पाड्यात त्याआधी कुलूपच नव्हतं.

तिथली रीत वेगळी. घरात कोणी नसलं की दाराला एक काठी आडवी लावायची. दार म्हणजे तरी काय, बांबूची ताटी. काठी आडवी दिसली की समजायचं, घरात माणूस नाही, आणि माणूस नाही तर आत पाऊल टाकायचं नाही. मग आत कणगीत मका असो, नाहीतर कोंबडी अंड्यावर बसलेली असो. पहिल्या वर्षी ती होळीला काठी नावाच्या गावी गेली, दोन दिवस आली नाही. दाराला तीच काठी. मी इकडे वरून सारखी डोकावून बघत होते, जणू घर माझंच आहे.

उन्हाळ्यात तर कमालच. कैऱ्या चिरून आमचूर वाळत घालतात तिकडे. हिनं सगळं आमचूर खालच्या खडकावर पसरलं आणि चार दिवस तिकडे फिरकली नाही. मला राहवेना. म्हटलं, "अगं, कोणी नेलं तर?"

ती म्हणाली, "कोण नेईल? सगळ्यांचं वाळतंय ना."

हे ऐकून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आमच्या माहेरी विहिरीवरच्या मोटारीची केबल तीनदा चोरीला गेलेली. धुळ्याला आमच्या दाराला दोन कड्या, वर कॅमेरा, आणि तरी मी गॅलरीत पापड टाकले की सोबत बसून राहते. आणि ही बया उघड्या खडकावर आमचूर टाकून शेळ्यांमागे जाते. संध्याकाळी पाठ टेकली की हिचा डोळा लागतो. मी आपली कडी लागली का, कुलूप लागलं का म्हणून तीनदा उठते. इतकी निवांत असायला हिनं असं काय केलंय, असं मला सारखं वाटायचं.

पण खरा काटा रुतला तो कागदाचा.

तिच्या घरी वनपट्टा होता. म्हणजे जंगलातली जी जमीन तिच्या सासऱ्याच्याही आधीपासून ते कसत आले, ती कसायचा हक्क देणारा सरकारी कागद. एकदा तो वाचून घ्यायला ती माझ्याकडे आली. बांबूच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवलेला, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. मी वाचायला लागले आणि थबकले. त्यावर तिच्या नवऱ्याचं नाव होतं, आणि त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, तिचं.

"दोघांचं असतं," ती म्हणाली. "सगळ्यांचंच तसं आहे इथं."

मी बावीस वर्षं पगार घरात आणते. धुळ्याचा फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, सासरची शेती सासऱ्यांच्या. माहेरच्या सातबारावर वडील गेल्यावर वारस म्हणून माझं नाव लागलं होतं खरं, पण भाऊ दर सणाला आठवण करून द्यायचा की ते कमी करायचंय. कुठल्याही जमिनीच्या तुकड्यावर आपलं म्हणून उभं राहावं असं मला काही नव्हतं. आणि हिला न मागता मिळालं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडानं मात्र म्हटलं, "असा कागद बांबूत ठेवतात का वेडाबाई? वाळवी खाईल सगळा. माझ्या कपाटात ठेव."

काळजी होती का? होती थोडी. पण तो कागद माझ्याजवळ असावा असंही मला वाटत होतं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. तिनं लगेच दिला. "तुझ्याकडे लोखंडाचं कपाट," म्हणाली, आणि शेळ्या घेऊन गेली. पावतीसुद्धा मागितली नाही.

पुढे कितीदा तरी मी तो कागद काढून वाचला. पगाराची स्लिप कधी इतकी वाचली नाही. तिचं नाव ज्या ओळीत होतं ती ओळ मला पाठ झाली.

दिवाळीच्या सुट्टीत माहेरी गेले. भाऊबीज झाली. भावानं पैठणी दिली, भारीतली. पैठणी बघूनच मी समजायला हवं होतं. दोन दिवसांनी जेवताना तो म्हणाला, "आक्का, ते हक्कसोडनं काम करी टाकूत. घर तर तुन्हंच शे, कव्हय बी ये." मी आईकडे बघितलं. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "करी टाक माय. लोके काय म्हनतीन?"

करून टाकलं. तालुक्याला गेलो, अंगठे दिले, सह्या दिल्या, फोटो काढला. तिथल्या कारकुनानं विचारलं, राजीखुशीनं ना? मी हो म्हटलं. भावानं येताना माझ्या आवडीची जिलबी घेतली. मी पुडा मांडीवर घेऊन गाडीत बसले. भाऊ वाईट नाही हो. आजारी पडले तर रात्रभर उशाशी बसेल. पण त्याला कधी वाटलं नाही की मलाही काही वाटत असेल, आणि मीही कधी तोंड उघडलं नाही.

घरी येऊन ओसरीवर बसले आणि फोन वाजला. पाड्यावरची अंगणवाडीताई. टेकडीवर चढली की तिथून लागतो फोन.

"मॅडम, उद्या मोजणीची माणसं येणार आहेत. प्रत्येकानं आपल्या शेतात पट्टा घेऊन उभं राहायचंय. ज्याच्याकडे कागद नाही त्याचं शेत मोजणार नाहीत म्हणतात. हिचा कागद तुमच्या कपाटात आहे ना? नवरा गुजरातेत ऊसतोडीला गेलाय, ही एकटीच आहे."

मोजणीतून सुटलेल्याचं काय होतं ते मला ठाऊक होतं. मग तालुक्याला खेटे घालायचे, आज साहेब नाहीत, उद्या या, आणि तोवर कोणीही येऊन म्हणतं की हे अतिक्रमण आहे, उठा. सगळं ठाऊक होतं मला. मीच वर्गात समजावून सांगितलं असतं.

भाऊ शेजारीच उभा होता. फोनवरचं ऐकून म्हणाला, "आक्का, गाडी शे ना, आत्ते सोडी देस मी तुले."

मी त्याला हातानं गप्प केलं आणि फोनमध्ये म्हटलं, "आता कशी येऊ गं? इथून गाडी नाही मिळत."

"मग कुलूप तोडायचं का? ती विचारतेय."

कपाटाची आणि दाराची किल्ली माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होती. बोटाला शाई अजून होती, सकाळच्या अंगठ्याची. मी म्हटलं, "नको नको, कुलूप तोडू नका. माझं सगळं सामान आहे आत. मी बघते उद्या कसं जमतं ते."

आणि फोन ठेवला. तेव्हा मनात काय होतं ते लिहिताना आजही लाज वाटते. मनात होतं, बघू दे तिलाही एक दिवस, नाव नसलं की कसं वाटतं ते.

भावाला सांगितलं, तिकडचं तिकडे निघेल, तू नको दगदग करू. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सुट्टी संपली तेव्हाच गेले. जीपमध्ये सगळा वेळ एकच घोकत होते, गाडी मिळाली नाही, गाडी मिळाली नाही.

काय झालं ते मला अंगणवाडीताईनं वाटेतच सांगितलं. सकाळी माणसं माझ्या दाराशी जमली होती. एकानं पहार आणली. म्हणाला, एका दणक्यात तुटेल. तर हीच दारापुढे जाऊन उभी राहिली. बाईनं नको म्हटलंय, म्हणाली, बाईचं दार आहे. पहार परत गेली. मग ही रिकाम्या हातानं आपल्या शेतात जाऊन उभी राहिली. मोजणीवाले म्हणाले, कागद नाही तर मोजता येत नाही, पुढे चला. पुढचं शेत ज्याचं, तो म्हणाला, मग माझंही मोजू नका. त्याच्या पुढचाही तेच म्हणाला. सगळा पाडा आपापले पट्टे घेऊन हिच्या बांधावर येऊन बसला. बायांनी तिथंच भाकरीची गाठोडी सोडली. शेवटी कोणीतरी गावच्या वनहक्क समितीचं रजिस्टर आणलं, त्यात हिचं नाव निघालं, चार म्हाताऱ्यांनी बांध दाखवला, आणि ऊन उतरायच्या आत सगळ्यात आधी हिचं शेत मोजून झालं.

ऐकताना मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण पहिल्यांदा जे आलं ते जुनंच, छातीत जळजळ. माझ्या बांधावर कोण येऊन बसलं असतं? मला तर बांधच नव्हता, होता तो मी याच सुट्टीत सही करून सोडला होता.

खोलीवर पोचले. कुलूप जसंच्या तसं. त्यावर एक ओरखडा नव्हता. कागद काढला आणि खाली गेले. ती अंगणात उडीद झोडपत होती. मी सुरू केलं, "अगं, गाडीच मिळाली नाही गं, मी किती प्रयत्न..."

तिनं दांडका खाली ठेवला. शांतपणे म्हणाली, "तुझा भाऊ म्हणत होता, गाडी आहे. ताईनं फोन मोठा केला होता. मी तिथंच उभी होते."

बाजारात जाऊन जाऊन आमची अहिराणी तिला माझ्याइतकीच कळते, हे मी विसरले होते. तिनं हात पुढे केला. मी कागद दिला. तिनं उलगडून आपलं नाव कुठे आहे ते बोटानं शोधलं, बोट तिथं ठेवलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

"तुला काय करायचं होतं, बाई, माझ्या कागदाचं?"

भांडली असती तर बरं झालं असतं. मीही भांडले असते, मला भांडता येतं. ती खरंच विचारत होती. मला सांगायचं होतं की मी माझं नाव सोडून आले त्याच दिवशी तुझा फोन आला. पण त्यात तिचा काय दोष? मी म्हटलं, "चुकलं माझं." तिनं मान हलवली आणि पुन्हा उडीद झोडपायला घेतला.

त्यानंतर ती बोलायची बंद झाली असं नाही. पोरांचा अभ्यास विचारायची, वालाच्या शेंगा आणून द्यायची. मला वाटलं, विसरली. मी मनातून मोकळीसुद्धा झाले होते.

मग एक दिवस, धडगावचा बाजार करून ती परस्पर माझ्या खोलीवर आली. मुलं मधल्या सुट्टीत खेळत होती. तिनं पिशवीतून एक पुडकं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. आत एक साखळी आणि एक नवीन कुलूप. छोटंसं, कागदात गुंडाळलेलं.

"हे कसं लावायचं ते दाखव," म्हणाली. "इथं दुसऱ्या कोणाला येत नाही."

बांबूच्या ताटीला कुलूप. ती एका लाथेत आडवी होईल. मला तिला सांगायचं होतं की तुला याची गरज नाही, इथं चोर कुठे आहे? ती माझ्यासमोर उभी होती, वाट बघत.

मी कुलूप हातात घेतलं. किल्ली घालून फिरवून दाखवली. तिला दोनदा करायला लावलं, मुलांना करायला लावते तसं. पहिल्यांदा तिला जमलं नाही. दुसऱ्यांदा खटकन बसलं.

"आता ओढून बघ," मी म्हटलं.

तिनं ओढून बघितलं. उघडलं नाही. "बरं," म्हणाली. किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली आणि उतारावरून घराकडे गेली.