गुडघ्यांची हजेरी

माझा हात लवकर उठतो. गावात कोणालाही विचारा, हेच सांगतील. पांढरकवड्याहून हैदराबादकडं जाणाऱ्या हायवेला लागून आमचं गाव, आणि गावाच्या टोकाला शाळा. तिथं मी एकवीस वर्षं खेळाची मॅडम आहे. गणिताच्या सरांना पोट्टे भीत नाहीत, हेडमास्तरांना तर मुळीच नाही. मला भितात. त्याचा मला भारी तोरा होता.

मी स्वतः कबड्डी खेळले. आमचे गुरुजी बेशरमाच्या झुडपाची ओली काडी घेऊन मैदानाच्या रेषेवर उभे राहायचे. चढाईवरून हात हलवत परत आलं की पोटरीवर एक सटकन बसायची, पकड सुटली की दोन. एकदा माझ्या पोटरीचं कातडं निघालं, रक्त मोज्यात उतरलं, तरी मी खेळले. जिंकून आल्यावर गुरुजी म्हणाले, याला म्हणतात पोरगी. त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. नोकरी लागली तेव्हा शाळेमागच्या नाल्यावर बेशरम माजलेलंच होतं. पहिल्याच आठवड्यात मी काडी तोडून आणली.

वर माझी स्वतःची एक पद्धत होती. सराव संपला की मुलींना रांगेत उभं करायचे आणि गुडघे, कोपरं, दंड दाखवायला लावायचे. आमचं मैदान मुरमाचं, पडलं की सोलून निघतं. जिचं जास्त सोललेलं, जिच्या अंगावर जास्त काळंनिळं, तिला पुढं बोलवायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. जिच्या अंगावर काहीच नाही ती त्या दिवशी खेळलीच नाही, असं माझं मत. मुली याला गुडघ्यांची हजेरी म्हणायच्या. नवीन पोट्ट्या टाळ्यांसाठी मुद्दाम मुरमात लोळायच्या. ते मला कळायचं आणि हसू यायचं.

गेल्या वर्षी या हजेरीत एकच पोरगी सारखी पुढं यायची. अकरावीतली, अंगानं काटकुळी. पण डाव्या कोपऱ्यावर उभी राहिली की चढाईला आलेलीचा घोटा हिच्या हातात गेलाच म्हणून समजा. एकदा धरला की सोडायची नाही. समोरची फरफटत नेतेय, हिची हनुवटी जमिनीवरून घासत चाललीय, तरी बोटं बंद. एका सामन्यात दुसऱ्या गावच्या पोरीनं सुटायसाठी हिच्या तोंडावर टाच हाणली. ओठ फाटला, दात हलला. ही रक्त थुंकली, बाहीला तोंड पुसलं आणि पुन्हा कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मी पाचवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक वर्गात जाऊन हे सांगितलं. जिद्द काय असते ते हिच्याकडून शिका रे, असं म्हणाले. पोरांनी तिला खिडकीतून वाकून वाकून पाहिलं.

तिचा थोरला भाऊही माझाच विद्यार्थी, आणि तोही गावाचा लाडका. पोलीस भरतीसाठी पहाटे हायवेच्या कडेनं धावायचा. अंगाला लागून ट्रक जायचे, आणि त्याच्यामागं गावातली दहाबारा पोरं असायची. शाळेत असताना धावण्यात जिल्ह्यात पहिला आला होता. त्याच्या पोटऱ्यांवर मी किती काड्या मोडल्या त्याची गिनती नाही. भरतीत दोनदा थोडक्यात राहिला, तरी धावणं सोडलं नाही. शाळेच्या कार्यक्रमात त्यानं माईकवर सांगितलं, मॅडमनं हाणलं म्हणून मी घडलो. टाळ्या थांबेनात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू.

यवतमाळला जिल्हा संघाची निवड होती. तिथं नाव लागलं असतं तर पुढं राज्यापर्यंत खेळता आलं असतं, आणि खेळाडूंच्या जागेतून नोकरीचा रस्ता उघडला असता. तिचा सगळा जीव त्या यादीत अडकला होता. शाळेत मी सराव घ्यायची, घरी संध्याकाळी भाऊ घ्यायचा. मला बरं वाटायचं की घरातही कोणी तिच्या मागं आहे.

निवडीसाठी नव्या जर्सी शिवायच्या ठरल्या. पांढरकवड्याच्या शिंप्याला मापं द्यायची होती, म्हणून मधल्या सुट्टीत मी स्टाफरूमचं दार लावून एकेका मुलीला टेप लावत होते. तिची पाळी आली. टेप पाठीवरून फिरवला तशी ती दचकून पुढं सरकली. मी म्हटलं, काय बाई, तोंडावर लाथ खाऊन रडत नाहीस आणि टेपला भेतेस? पुन्हा टेप लावला. तिच्या तोंडून बारीक आवाज निघाला. मी मागून तिची कुर्ती वर केली.

एकवीस वर्षं मी मुलींच्या अंगावरचा मार बघत आलेय. पडल्यावर कसं सोलतं, कोणाचं ढोपर लागलं तर कुठं काळं पडतं, मला झोपेत विचारा. हे तसं नव्हतं. बोटाएवढे जाड वळ होते, खांद्यापासून कमरेपर्यंत, आणि प्रत्येकाचं टोक गोल वळलेलं. वायर दुमडून मारली की असं उमटतं. काही वळ जुने, पिवळे पडलेले. काही कालचे, आणि त्यातल्या एकातून पाणी येत होतं.

कोणी मारलं म्हणून विचारलं तर म्हणाली, भावानं. दिवाळीपासून. दोरीवरच्या उड्या कमी पडल्या की, धावायला वेळ जास्त लागला की. मी तिच्यावरच ओरडले. अगं, मग मला काहून नाही सांगितलं? इतक्या दिवसांत कोणालाच कसं दिसलं नाही?

तिनं कुर्ती खाली ओढली. "दिसलं होतं ना मॅडम," ती म्हणाली. "हजेरीत दंडावरचे दाखवले तं तुमी टाळ्या वाजवल्या."

त्या वेळी मला लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. तेव्हा नुसता राग आला, आणि राग मला सोपा पडतो. टेप तिथंच टाकला, स्कुटी काढली आणि थेट तिच्या घरी गेले.

भाऊ अंगणात बाजेच्या काठावर हात टेकून डिप्स मारत होता. मला बघून उठला, पाया पडायला वाकला. तो सरळ व्हायच्या आत मी कानाखाली काढली. मग दुसरी, मग तिसरी. नाकातून रक्त आलं. माझ्यापेक्षा हातभर उंच गडी, मनात आणलं असतं तर मला उचलून रस्त्यावर फेकलं असतं. पण त्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि ताठ उभा राहिला. मार खाताना हात मागं बांधायचे, हा माझ्याच मैदानावरचा नियम.

"काय चुकलं मॅडम?" त्यानं विचारलं. खरंच विचारत होता, त्याला कळत नव्हतं.

मी वायरीचं बोलले. त्याला नवल वाटलं. तो मला समजावून सांगायला लागला, की ती मुळात आळशी आहे, ढील दिली की सैल पडते, तो रागानं मारत नाही, तोंडावर कधीच मारत नाही. नाकातलं रक्त ओठावर येत होतं आणि तो सांगत होता.

"तुमी मले असंच तयार केलं ना," तो म्हणाला. "तसंच मी तिले तयार करून राह्यलो."

वायर खुंटीलाच होती. मी ती ओढली, दुमडली आणि त्याच्या मांडीवर हाणली. पुन्हा हाणली. त्यानं ओठ दाबून धरले, हात मागंच. तिसऱ्यांदा हाणली तेव्हा मला आतून बरं वाटत होतं, हेही सांगून टाकते. कोणाला मारताना आपल्याला बरं वाटतं का, हे इतक्या वर्षांत मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात ती आली. शाळेतून धावत आली असणार, धापा टाकत होती. रडली नाही, आरडाओरडा केला नाही.

"मॅडम, तुमी आता निंगून जासान," ती म्हणाली. "हे सारं मंग माह्या पाठीवर येईन."

माझा हात थांबला. आतून तिची आई बाहेर आली. मला वाटलं, ही आता रडेल, नाहीतर मला शिव्या देईल. तिनं पोराच्या नाकाकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं, आणि हळू आवाजात सांगितलं की वायर ठेवून जा, मोटारीची आहे, उद्या हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे. मी वायर बाजेवर ठेवली.

निघताना मी त्याला एवढंच बजावलं, की तिच्या अंगावर पुन्हा एक जरी वळ दिसला तर मी ठाण्यात जाईन. गुन्हा नोंदला की चारित्र्य पडताळणीत नाव येतं, मग वर्दी विसर आणि धावत बस जन्मभर हायवेनं. तेव्हा कुठं त्याचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून त्यानं तिला हात लावला नाही. पटलं म्हणून नव्हे, भेवानं. मीही आयुष्यभर भेवावरच काम भागवलं होतं, तेव्हा त्याला कुठल्या तोंडानं बोलू.

ती आठ दिवस सरावाला आली नाही. नवव्या दिवशी मी त्यांच्या वावरात गेले. ती धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसली होती. माझं चुकलं, एवढे दोन शब्द बोलायला मला अर्धा तास लागला, आधी नुसतं हरभऱ्याचंच बोलत बसले. तिनं ऐकून घेतलं. येईन म्हणाली, पण मैदानावर कोणालाच मार बसायला नको. मला एकटीला नाही, कोणालाच. आणि ती हजेरी बंद. मी हो म्हटलं. संध्याकाळी काडी नाल्यात फेकून दिली, जिथं तसल्या शंभर काड्या उभ्या होत्या.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. कोणी चुकलं की हात सळसळायचा. मी ट्रॅकसूटच्या खिशात हात घालून उभी राहायला लागले. मुली पकडी सोडत होत्या, हसत होत्या, आणि मला वाटत होतं, हा संघ आता संपला.

निवडीच्या दिवशी ती जशी खेळली तशी कधीच खेळली नव्हती. मुरमाऐवजी मॅट होती. पहिल्या डावात तिनं तीन जणींना आडवं केलं, त्यातली एक तर अशी आपटली की बराच वेळ उठली नाही. निवड समितीतले एकजण पेन तिच्याकडं करून शेजारच्यांना काही सांगत होते. मी पाहिलं ते. तिनंही पाहिलं.

मध्यंतराच्या तोंडाशी आमची सगळ्यात लहान पोरगी, नववीतली, मॅटवर पहिल्यांदा उतरलेली, घाबरून आपणच रेषेबाहेर गेली. तिच्यामागं सगळा डाव कोसळला आणि आमच्यावर लोण बसला. शिट्टी झाली. मुली धापा टाकत आल्या. मी त्या लहानीला बोलावलं. मी काही बोलायच्या आधीच तिनं हात पाठीमागं बांधले.

ते पाहूनही माझा हात उठला. उठला, पण खाली आला नाही. माझं मनगट कोपऱ्यावरच्या त्या पोरीनं धरलं होतं.

"हिले नाई मॅडम."

मी म्हटलं, सोड. तिनं सोडलं नाही. बाकीच्या संघांचे सर बघत होते, मुली बघत होत्या, माझे कान तापले होते. मी दात चावत हळूच सांगितलं, सोड, नाहीतर दुसऱ्या डावात बाहेर बसवीन. याचा अर्थ तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होता. समितीवाले अर्ध्या सामन्यावर नाव लिहीत नाहीत.

"बसवा," ती म्हणाली. आणि माझा हात खाली जाईपर्यंत तिनं पकड सोडली नाही.

मी तिला बाहेर बसवलं. हात लावला नाही, काडी नाही, वायर नाही, नुसतं बोट दाखवून पाण्याच्या कॅनजवळ बसवलं. पण तिच्या भावानं जे केलं तेच मी केलं, आणि जास्त जोरात केलं. सगळा दुसरा डाव ती ताठ बसून त्या लहानीला ओरडून सांगत होती, मागं पाहू नको, रेषेकडं पाहू नको, तिच्या पायाकडं पाहा. लहानीनं एक घोटा धरला. आम्ही हरलो. दुपारी यादी वाचली, त्यात आमच्या दोघी होत्या, ती नव्हती. पेनवाले गृहस्थ मुद्दाम माझ्याजवळ आले आणि विचारलं, तुमची ती कोपऱ्यावरची कुठं गेली? मी म्हटलं, पायाला लागलं तिच्या. ती माझ्या मागंच उभी होती.

परतीच्या एसटीत मी पुढच्या सीटवर बसले आणि गावापर्यंत मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहालाच मैदानावर गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. मुली माझ्याआधी आल्या होत्या, ज्यांची निवड झाली त्याही. ती खाली बसून लहानीला स्वतःचा घोटा धरायला लावत होती आणि सुटून दाखवत होती, पुन्हा धर म्हणत होती. मी जवळ जाऊन उभी राहिले. सगळ्यांसमोर सांगितलं, की तिच्या पायाला काही लागलं नव्हतं, मी रागानं तिला बसवलं, मी तिचं वर्ष खाल्लं, आणि पेनवाल्या सरांना आज फोन करून हेच सांगणार आहे. यादी बदलणार नाही, हे मलाही माहीत होतं. तिच्या वयोगटात तिला अजून एकच वर्ष आहे.

सवयीनं मी शिट्टी वाजवली, रांगेत या म्हणून, आणि हात पुन्हा खिशात घातले. एकही मुलगी हलली नाही. सगळ्या तिच्याकडं बघत होत्या. तिनं मुरूम झटकला, उभी राहिली, माझ्या खिशातल्या हातांकडं पाहिलं. मी हात बाहेर काढले आणि तसेच मोकळे ठेवले. मग तिनं मुलींकडं बघून मान हलवली, तेव्हा त्या आल्या.