पहिल्या ओळीला हात नको

"पहिली ओळ पवित्र असते," असं तर्जनी उचलून ते म्हणत, तेव्हा नवख्याला वाटे, आता श्लोक येणार. त्यांचं म्हणणं असे उसाचं वजन घेणाऱ्या प्रोग्रामबद्दल.

परळीजवळच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर मी कारकून होतो. काट्याला काँप्युटर नुकताच जोडलेला, आणि तो सांभाळायला हे गृहस्थ. वीजकेंद्राच्या राखेच्या त्या मुलखात पांढरा शर्ट आणि टाय घालणारा एवढा एकच माणूस. आम्ही त्यांना काँप्युटरसाहेब म्हणत असू. यंत्राला प्रोग्राम वाचून दाखवणारा एक दुभाषा असतो आणि तो यंत्रात कुठे बसतो याचा पत्ता पहिल्या ओळीत असतो, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की मलाही ते खरं वाटू लागलं.

एका हंगामात पुण्याच्या कंपनीकडून नवी सीडी आली. तिथे प्रोग्रामची बांधाबांध करणारं एक सॉफ्टवेअर होतं. त्याने शहाणपणा करून तो पत्ता आपल्या मनाने बदललेला. दुभाषा सापडेना, काटा बंद. सिरसाळ्याच्या बैलगाड्या पार रस्त्यापर्यंत, आणि गाड्यांत ऊस वाळतोय.

"कावून थांबलंय, सायेब?" एका गाडीवानाने विचारलं.

"दुभाष्याचा पत्ता बदललाय."

"मंग पोस्टमनला इचारा की."

एमडी साहेब हसले नाहीत. "हंगामात पुन्हा काटा थांबला, तर तुम्ही घरी."

काँप्युटरसाहेबांनी जुना पत्ता परत टाकून काटा चालू केला आणि एसटीडी बूथवरून ते पुण्याला ओरडले, "पहिल्या ओळीला हात लावू नको, असं तुमच्या सॉफ्टवेअरला सांगून ठेवा." पुण्याने ठेवलं. पुढचे हंगाम सुरळीत गेले. दसऱ्याला आम्ही काट्याची पूजा करायचो. ते पहिली ओळ कागदावर छापून तिला हळदकुंकू वाहायचे. हसू दाबताना आमचे हाल होत.

मग ऐन हंगामात नवं यंत्र आलं. चेअरमननी नारळ फोडला, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. नव्या यंत्रात दुभाषा दुसरीकडे बसत होता. पुण्याच्या सॉफ्टवेअरने पत्ता आपणहून सुधारला असता, पण त्याचे हात यांनीच बांधलेले.

"अहो, बदला ना ओळ," मी कुजबुजलो.

"आज मी बदलली, तर उद्या कोणीही बदलेल."

त्यांनी जुन्या पत्त्याच्या नावाचा एक फोल्डर केला आणि आत दुभाष्याच्या नव्या जागेची खूण ठेवली. काटा चालू झाला. तोवर चेअरमनची गाडी निघून गेली होती आणि एमडी साहेब दारात उभे होते.

काँप्युटरसाहेबांनी टाय सोडून खिशात ठेवला. "फोल्डर पुसू नका," एवढंच म्हणाले आणि वडवणीच्या एसटीत बसले.

"सायेब येत्याल का परत?" गाडीवानाने विचारलं. मी त्याची पावती फाडून दिली.

फोल्डर अजून आहे. त्याला हात लावायची कोणाची छाती होत नाही. दसऱ्याला ओळीची पूजा मात्र बंद झाली. प्रिंटरची रिबन संपली आहे.