पिंपळगावच्या शीतगृहातली सोळा घरे

सकाळी दहाला नाशिकहून निघालो, तेव्हा जीपच्या टपावर परातीएवढा चपटा अँटेना घट्ट आवळलेला होता. पुण्याच्या एका संस्थेतल्या अभियंता मृणाल यांनी तो तयार केला होता. चालत्या गाडीतून उपग्रहामार्फत बोलता येते का, याची ही चाचणी होती आणि तिचा वृत्तांत मी लिहिणार होतो. मोबाइल फोन तेव्हा गावोगावी पोहोचलेला नव्हता.

अँटेनात सोळा घरे होती. प्रत्येक घरात फेज शिफ्टर, म्हणजे संदेशाला अगदी किंचित उशीर करणारा भाग. उशीर कमीजास्त केला, की अँटेना जागेवर राहूनही त्याचा रोख वळतो; गाडी वळली तरी तो उपग्रहाकडे ठेवता येतो. हे काम सोन्याचे, केसाहून बारीक पूल करत. वीज दिली की ते खाली वाकत, काढली की वर येत. वळणांवर संपर्क टिकला नाही तर काम बंद, असे विभागप्रमुखांनी सांगून ठेवले होते. मृणालताईंची चार वर्षे त्यात गेली होती.

दुसऱ्या टोकाला पुण्यात विभागप्रमुख ऐकत होते. बोलायचे काय, हे ठरले नव्हते. चालक रऊफभाई रस्त्यावरच्या पाट्या वाचू लागले. "आडगाव. ओझर. साहेब, पुढं ट्रॅक्टर आडवा हे, त्याचं नाव सांगू का?" पिंपळगाव बसवंतपर्यंत आवाज एकदाही तुटला नाही.

दुपारी ऊन चढले. टप तापला तर पूल वाकडे होतील, म्हणून मृणालताईंनी अँटेना द्राक्षांच्या शीतगृहात ठेवायला सांगितला. आम्ही शेजारी पिठलं-भाकरी खाल्ली. दोन तासांनी तो बाहेर आणला, टपावर चढवला आणि वीज दिली. सोळाही घरे गप्प.

मृणालताईंनी अँटेनाच्या डबीच्या झाकणाचे स्क्रू काढले. आतल्या काचेवर दव होते. पूल खाली चिकटले होते, ओला कागद काचेला चिकटतो तसे.

शीतगृहाचे मुकादम पोपटराव पेट्या मोजायचे थांबून जवळ आले. "ताई, थेट उन्हात काढला व्हय? द्राक्षालाबी घाम फुटतो. आम्ही पेटी आधी मधल्या खोलीत ठेवतो, मग भायेर."

"मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाय. मला वाटलं, यंत्राला घाम येत नसंल."

रऊफभाई हसले. मृणालताई हसल्या नाहीत. पोपटरावांनी अँटेना मधल्या खोलीत नेऊन पंख्यासमोर ठेवला. ऊन उतरेपर्यंत थांबलो. तेरा घरांतले पूल उठले. तीन घरांतले उठले नाहीत.

"परत जायचं का?" मी मृणालताईंना विचारले.

"नाही. आहे तसं जाऊ."

वणीच्या पुढे नांदुरीजवळ वळणे सुरू झाली. रऊफभाई पाट्या वाचत राहिले. मधूनमधून एखादे गाव पुण्यापर्यंत पोहोचत नव्हते. कळवणला गाडी थांबली. पुण्याहून विचारणा झाली, "सकाळी स्वच्छ होतं. दुपारनंतर काय झालं?"

उन्हाला किंवा डोंगराला दोष देता आला असता. मृणालताई म्हणाल्या, "सर, चूक माझी. उघडता यावी म्हणून डबी हवाबंद केली नव्हती. शीतगृहातून थेट उन्हात काढली. तीन घरं गेली."

रऊफभाईंनी टपाकडे पाहिले.

"तीन घरं जाऊन एवढं ऐकू आलं?" पुण्याहून प्रश्न आला.

"हो सर."

"मग पुढची डबी हवाबंद करून आणा."

परतताना पिंपळगावला चहासाठी उतरलो. मृणालताई आमच्यात बसल्या नाहीत. मधल्या खोलीच्या दारात उभ्या राहून, पेटी आत किती वेळ ठेवतात हे त्या पोपटरावांना विचारत होत्या आणि वहीत लिहून घेत होत्या. या प्रवासात मी यंत्र चालताना पाहिले, बंद पडतानाही पाहिले. लक्षात राहिली ती ही उशिरा झालेली विचारपूस.